टेक्सासच्या मुख्य न्यायमूर्तींची वाटचाल
(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला ‘कायद्याच्या क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. तो मी थोडा बदलून घेतला आहे. त्याला कारण मागच्या वर्षी याच सभागृहात मला विचारला गेलेला एक प्रश्न. दहावीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, जज्ज व्हायला कोणाची ओळख लागते का?” मी तिला ठरलेले उत्तर दिले. बारावी, मग एलएल.बी., मग लोकसेवा आयोगाची परीक्षा, मग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. ती “बरं” म्हणून खाली बसली. पण माझे उत्तर तिला पुरले नाही, हे मला स्पष्ट दिसले. परीक्षा असते हे तिला ठाऊकच होते. तिचा प्रश्न वेगळा होता.

माझे अब्बा अर्जनवीस होते. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली त्यांचे मेज असे, आणि शाळा सुटली की मी त्यांना जेवणाचा डबा पोचवायला जाई. जज्जसाहेबांची गाडी फाटकातून आत आली की सगळे उठून उभे राहत. शिपाई धावत जाऊन दार उघडी. गाडीतून उतरणारा हा माणूस येतो कुठून, कोणाच्या घरात जन्मतो, हा प्रश्न मलाही त्या वयात पडे. पण विचारण्याची माझी छाती झाली नाही. या मुलीची झाली. म्हणून आज तिच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे असे मनात धरून आलो आहे.

तुम्ही म्हणाल, मग आमच्याच थोर न्यायमूर्तींबद्दल सांगा. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढे होते, १८९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. चागलासाहेब १९४७ ते १९५८ मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. हिदायतुल्लासाहेब नागपूरला मुख्य न्यायमूर्ती होऊन १९६८ साली भारताच्या सरन्यायाधीशपदापर्यंत पोचले. त्यांच्याविषयी आपण दरवर्षी ऐकतो आणि ऐकावेच. पण खरे सांगतो, आमची मुले हे ऐकून मनात हिशेब करतात. तय्यबजींचे घराणे व्यापारी, चागलासाहेब ऑक्सफर्डला, हिदायतुल्लासाहेब केंब्रिजला. आमच्याकडे ते कुठे? आदर वाढतो, पण अंतर कमी होत नाही.

म्हणून मी दूरचा, अमेरिकेतला माणूस निवडला आहे. ज्याचा पूर्वज बाजारात विकला जाणारा माणूस होता, आणि तो ज्यांच्या मालकीचा होता ते गृहस्थ न्यायाधीश होते. त्या गुलामाच्या पाच पिढ्यांनंतरचा वंशज त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती झाला. त्यांचे नाव वॉलेस जेफर्सन, राज्य टेक्सास.

आधी तिथल्या न्यायालयांची रचना दोन शब्दांत सांगायला हवी, नाहीतर गोंधळ होईल. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालय एकच, दिल्लीला; राज्यांत उच्च न्यायालये. अमेरिकेत पन्नास राज्ये आणि प्रत्येक राज्याचे स्वतःचे सर्वोच्च न्यायालय. त्या राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्द त्याचा. वॉशिंग्टनचे सर्वोच्च न्यायालय संघराज्याची घटना आणि संघराज्याचे कायदे यांपुरते वर बसलेले असते. नावांतही गंमत आहे. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खालचे, खटला चालवणारे कोर्ट, आणि सर्वांत वरच्या कोर्टाचे नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’! टेक्सासमध्ये तर शिखरावर दोन न्यायालये आहेत. फौजदारी अपिलांसाठी एक वेगळे, आणि दिवाणी कज्ज्यांसाठी सर्वोच्च न्यायालय. या दुसऱ्यात मुख्य न्यायमूर्ती धरून नऊ जण बसतात.

आणि हे नऊ जण निवडणुकीने येतात. होय, निवडणुकीनेच. पक्षाचे तिकीट घेऊन, प्रचार करून, मते मागून. मुदत सहा वर्षांची. मुख्य न्यायमूर्तीची जागाही थेट मतदार भरतात. मधेच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर नेमणूक करतात, पण पुढच्या निवडणुकीत त्या माणसाला लोकांसमोर जावेच लागते. सगळ्याच राज्यांत असे नाही. मिसुरीने १९४० साली निवड समितीची पद्धत सुरू केली आणि पुढे ती अनेक राज्यांनी घेतली. विस्कॉन्सिनमध्ये २०१५ पर्यंत ज्येष्ठतेने मुख्य न्यायमूर्तिपद मिळे. शर्ली अब्राहमसन या बाई तिथे १९९६ ते २०१५ मुख्य न्यायमूर्ती होत्या. त्या वर्षी राज्यघटना बदलून सहकाऱ्यांनी निवड करायची असे ठरले आणि त्यांचे पद गेले. त्यांची कहाणीही सांगण्याजोगी आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

टेक्सास हे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे राज्य. तिथे वेको नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निकोलस बॅटल हे तिथले वकील आणि पुढे न्यायाधीश. त्यांच्या मालकीचा शेड्रिक विलिस नावाचा एक लोहार होता. मालकीचा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण कायद्याने तसेच होते. घोडा, नांगर, ऐरण आणि लोहार, सगळे एकाच यादीत. लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी काढला. पण टेक्सास बंडखोर राज्यांच्या बाजूला होते, आणि तिथल्या गुलामांना ते स्वतंत्र झाल्याचे जाहीर झाले १९ जून १८६५ रोजी, गॅल्व्हेस्टन बंदरात सैन्य उतरल्यावर. हुकूम निघाल्यापासून तो माणसापर्यंत पोचायला अडीच वर्षे लागली. कोर्टाच्या आवारात आयुष्य काढलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटत नाही, एवढेच म्हणतो.

मुक्त झाल्यावर हा शेड्रिक विलिस वेकोच्या नगरपरिषदेवर दोन वेळा निवडून गेला. पुनर्रचनेचा तो काळ थोडा होता. दहाबारा वर्षांत वारे फिरले, काळ्या लोकांचे मताधिकार एकेक करून काढून घेतले गेले, वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे नळ आले. नगरपरिषदेवर बसलेल्या लोहाराची नातवंडे-पतवंडे पुन्हा मागच्या दाराने ये-जा करू लागली. प्रगतीची वाट एकदा वर चढू लागली की चढतच राहते असा आपला समज असतो. या कुटुंबाच्या इतिहासात तसे दिसत नाही.

इथे मला मध्येच आणखी एका माणसाबद्दल सांगायचे आहे, कारण तो नसता तर जेफर्सनही नसते. त्याचे नाव हेमन स्वेट. ह्यूस्टन शहरात तो पोस्टमन होता. १९४६ साली त्याने टेक्सास विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. गुण कमी म्हणून नव्हे, कातडी काळी म्हणून अर्ज फेटाळला गेला. आणि विद्यापीठाने कारण लपवलेही नाही. काळ्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात दुसरे कायदा महाविद्यालय नव्हतेच. स्वेट कोर्टात गेला. न्यायाधीशांनी सरकारला सहा महिन्यांची मुदत दिली, तेवढ्यात काहीतरी सोय करा म्हणून. सरकारने ऑस्टिन शहरात एका इमारतीच्या तळघरात काळ्यांसाठी वेगळे कायदा महाविद्यालय उघडले!

ते कसे होते याची नोंद निकालपत्रातच आहे. स्वतःचे प्राध्यापक नाहीत. गोऱ्यांच्या महाविद्यालयातले चार जण तिथे येऊन शिकवणार. दहा हजार पुस्तके मागवली, त्यांतली थोडीच आलेली. पूर्णवेळ ग्रंथपाल नाही. मान्यता नाही. पुढे ते ह्यूस्टनच्या वेगळ्या विद्यापीठात गेले, तेव्हा पाच प्राध्यापक, तेवीस विद्यार्थी आणि साडेसोळा हजार पुस्तके झाली. शेजारी गोऱ्यांच्या महाविद्यालयात सोळा पूर्णवेळ आणि तीन अर्धवेळ प्राध्यापक, साडेआठशे विद्यार्थी, पासष्ट हजारांवर ग्रंथ. शाळा चालवणारी मंडळी इथे बसली आहेत. आकडे वाचल्यावर त्यांना वेगळे काही सांगायला नको.

खालच्या कोर्टांनी सांगितले, सोय समान आहे, तक्रारीला जागा नाही. १९४८ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज गेला. त्या न्यायालयाने तो ऐकायलाही घेतला नाही, नामंजूर केला. हे लक्षात ठेवा, कारण याच न्यायालयाकडे आपल्याला परत यायचे आहे.

मग प्रकरण वॉशिंग्टनला गेले. थर्गुड मार्शल हे स्वेटचे वकील. ५ जून १९५० रोजी तिथल्या न्यायालयाने एकमताने निकाल दिला की स्वेटला टेक्सास विद्यापीठात प्रवेश दिलाच पाहिजे. निकाल देताना मुख्य न्यायमूर्ती व्हिन्सन यांनी पुस्तके आणि प्राध्यापक मोजले, पण तिथेच थांबले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ मी माझ्या शब्दांत सांगतो. कायद्याचे शिक्षण ग्रंथांत कोंडलेले नसते. संस्थेची प्रतिष्ठा, तिच्या माजी विद्यार्थ्यांचे वजन, ज्यांच्याबरोबर आपण वादविवाद करतो ते सोबती, हे मोजता येत नाही पण त्यावर वकिलाचे आयुष्य उभे राहते. राज्यातल्या शंभरांतल्या पंच्याऐंशी लोकांना ज्या वर्गात मज्जाव आहे, आणि ज्या पंच्याऐंशींतूनच उद्याचे बहुतेक वकील, साक्षीदार, ज्यूरी आणि न्यायाधीश येणार आहेत, त्या वर्गात बसवलेल्या विद्यार्थ्याला समान शिक्षण मिळाले असे कसे म्हणावे?

माझ्या त्या दहावीतल्या मुलीला मी हेच सांगायला हवे होते. ओळख लागते का? लागते. पण ती मामाकाकाची, आमदाराची चिठ्ठी घेऊन जाण्याची ओळख नव्हे. ज्या माणसांबरोबर पुढे काम करायचे आहे त्यांनी तुम्हाला अभ्यास करताना, बोलताना, हरताना, पुन्हा उभे राहताना पाहिलेले असणे, ही ती ओळख. आणि म्हणूनच ज्यांना वर्गाच्या दारातच अडवले जाते त्यांचे नुकसान नुसत्या पदवीचे नसते. आपली मुले आपल्याच शाळेत, आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच ओळखीत राहावीत असे ज्या पालकांना वाटते त्यांनीही या निकालाचा एकदा विचार करावा. मी हे संस्थेच्या व्यासपीठावरून बोलतो आहे आणि संस्थेचे पदाधिकारी मला क्षमा करतील. शाळा आपली असावी, पण शाळेला खिडक्या असाव्यात.

स्वेटचे पुढे काय झाले? प्रवेश मिळाला, पण वर्षानुवर्षांच्या खटल्याने शरीर आणि संसार दोन्ही थकले होते. १९५२ साली त्याने शिक्षण सोडले. वकील तो झाला नाही. २००५ साली ऑस्टिनच्या काउंटी न्यायालयाला त्याचे नाव देण्यात आले. ज्या गावाच्या कोर्टात तो हरला, त्या गावाच्या कोर्टावर आज त्याचे नाव आहे.

वॉलेस जेफर्सन यांचा जन्म जुलै १९६३ मधला. वडील हवाई दलात होते, म्हणून जन्म वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा गावी झाला. पण वाढले ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात. ते महिन्याभराचे असताना मार्टिन ल्यूथर किंग यांचा तो प्रसिद्ध मोर्चा राजधानीत निघाला. म्हणजे त्यांच्या शाळेच्या वयापर्यंत कायद्याने दारे उघडली होती. सॅन अँटोनियोच्या सरकारी हायस्कुलात ते शिकले. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठातून १९८५ साली राजकीय तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, आणि मग टेक्सास विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात गेले. तेच महाविद्यालय, जिथे पोस्टमन स्वेटला दारात अडवले होते. १९८८ साली त्यांना कायद्याची पदवी मिळाली.

सुरुवातीला सॅन अँटोनियोच्या एका मोठ्या वकीलमंडळींच्या कचेरीत त्यांनी उमेदवारी केली. १९९१ साली दोन सहकाऱ्यांबरोबर स्वतःची कचेरी काढली, आणि कामाचा एकच प्रकार निवडला: अपिले. आपल्याकडे तरुण वकिलांना उलटतपासणीचे आकर्षण असते. साक्षीदाराला पिंजऱ्यात घाम फोडला की गावात नाव होते. अपिलाचे काम त्याच्या अगदी उलट. साक्षीदार नाही, प्रेक्षक नाहीत. खालच्या कोर्टाचे दप्तर हजार पानांचे असेल तर हजार पाने वाचायची, त्यातली कायद्याची चूक हुडकायची आणि ती तीस-चाळीस पानांत अशी मांडायची की न्यायमूर्तींना पुन्हा विचार करावा लागेल. लिहिता येणे हे या धंद्याचे भांडवल. निबंधाचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ऐकावे.

पस्तिशीच्या आतच त्यांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात दोन प्रकरणे चालवली आणि दोन्ही जिंकली. दोन्ही पाच विरुद्ध चार अशा एका मताने. पहिले १९९७ चे, ओक्लाहोमातल्या ब्रायन काउंटीचे. शेरीफने आपल्याच नात्यातल्या, मारहाणीची नोंद असलेल्या तरुणाला शिपाई म्हणून घेतले होते, त्याच्या हातून एक स्त्री जबर जखमी झाली. भरपाईची जबाबदारी काउंटीवर येते का, हा प्रश्न. जेफर्सन काउंटीकडून होते. दुसरे १९९८ चे, लागो व्हिस्टा गावच्या शाळा मंडळाचे. एका शिक्षकाने विद्यार्थिनीचा गैरफायदा घेतला होता. मंडळाच्या वरिष्ठांना माहीतच नव्हते तर भरपाई मंडळाने द्यायची का? इथेही जेफर्सन मंडळाचे वकील.

हे मी वगळू शकलो असतो. सत्कारमूर्तीचे चरित्र सांगताना अशा गोष्टी वगळण्याची आपली पद्धत आहे. पण दुसरे प्रकरण मी जेव्हा वाचले तेव्हा मला त्या मुलीची बाजू अधिक पटली, आणि चार न्यायमूर्तींनाही ती पटली होती. वकिलाला आपल्या अशिलाची बाजू मांडावी लागते, आणि ती प्रामाणिकपणे, पूर्ण ताकदीने मांडावी लागते; हा धंद्याचा धर्म आहे आणि त्याची किंमतही आहे. ज्याला न्यायाधीश व्हायचे आहे त्याने आधी वकिली करावी असे म्हणतात त्याचे एक कारण हे असावे, की दुसऱ्याची बाजू आपल्या तोंडाने बोलून पाहिल्याशिवाय दोन्ही बाजू ऐकण्याची सवय लागत नाही.

१९९८ साली सॅन अँटोनियोच्या वकीलसंघाचे ते अध्यक्ष झाले. मार्च २००१ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात एक जागा रिकामी होती आणि गव्हर्नर रिक पेरी यांनी जेफर्सन यांची नेमणूक केली. त्या न्यायालयात बसलेले ते पहिले आफ्रिकी-अमेरिकन न्यायमूर्ती. त्यापूर्वी ते कुठेही न्यायाधीश नव्हते, खालच्या कोर्टातही नाही. आपल्याकडे वकिलांमधून थेट उच्च न्यायालयात नेमणूक होते तसेच हे. २००२ साली ते निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. सप्टेंबर २००४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती टॉमस फिलिप्स निवृत्त झाले तेव्हा त्या आसनावर जेफर्सन यांना बसवण्यात आले. वय एक्केचाळीस. १९४८ साली ज्या न्यायालयाने पोस्टमनचा अर्ज ऐकून घेतला नव्हता, त्याच न्यायालयाचे हे मुख्य आसन.

तुम्ही विचाराल, मग हे सगळे गुणवत्तेवरच झाले का? नाही. गव्हर्नर रिपब्लिकन, जेफर्सनही रिपब्लिकन. टेक्सासमध्ये त्या काळी राज्यभराची निवडणूक जिंकायची तर त्याच पक्षाचे असावे लागे. काही काळ्या पुढाऱ्यांना त्यांचा पक्ष पसंत नव्हता. पण गुणवत्ता नसती तर नुसत्या पक्षाने हे पद मिळाले नसते, आणि पक्ष नसता तर नुसत्या गुणवत्तेनेही मिळाले नसते. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि या दुसऱ्या वाक्याचा राग खुद्द जेफर्सन यांना होता.

तो त्यांनी लपवला नाही, ही त्यांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. टेक्सासचा मुख्य न्यायमूर्ती दर दोन वर्षांनी विधिमंडळासमोर उभा राहून न्यायव्यवस्थेची स्थिती सांगतो. त्या व्यासपीठावरून त्यांनी अनेकदा सांगितले की न्यायाधीशांच्या पक्षीय निवडणुका बंद करा. मतदार पक्षाच्या चिन्हापुढे एक खूण करतो आणि खाली ज्यांची नावेही त्याने वाचली नाहीत असे न्यायाधीश निवडून येतात किंवा पडतात. २००८ साली ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत एका लाटेत एका पक्षाचे जवळजवळ सगळे न्यायाधीश घरी गेले. चांगले कोण, वाईट कोण, कोणी पाहिले नाही. शिवाय प्रचाराला पैसा लागतो, आणि न्यायाधीशाच्या निवडणुकीला पैसा देतो कोण? ज्यांची प्रकरणे त्याच्यासमोर येणार ते वकील आणि त्यांचे अशील. १९८० च्या दशकात याच न्यायालयावर यावरून देशभर टीका झाली होती. गुणवत्तेवर नेमणूक करा आणि मग ठरावीक काळाने लोकांना ‘ठेवायचा की नाही’ एवढेच विचारा, अशी जेफर्सन यांची सूचना होती. ज्या शिडीने आपण वर आलो तीच शिडी वाकडी आहे, असे वर बसून सांगणारी माणसे मी फार पाहिली नाहीत.

ती सूचना मान्य झाली नाही. एका खुणेत संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय टेक्सासने २०१७ च्या कायद्याने काढली आणि २०२० पासून ती बंद झाली. पण न्यायाधीश आजही पक्षाच्या तिकिटावरच उभे राहतात. आपल्याकडच्या नेमणुकीच्या पद्धतीवर आपण रोज टीका करतो, ती करावीच. फक्त ‘लोकांनीच निवडू द्या की न्यायाधीश’ असे कोणी चावडीवर म्हणाले तर त्याला टेक्सासची हकीकत जरूर सांगा.

मुख्य न्यायमूर्तीचे काम निकाल लिहिण्यापुरते नसते, हेही या निमित्ताने कळते. नऊ जणांत त्याचे मत एकच. पण राज्यभरच्या कोर्टांचा कारभार त्याच्या डोक्यावर असतो. २००७ पासून त्या न्यायालयातले युक्तिवाद लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागले. दिवाणी दावे संगणकावरून दाखल करणे सक्तीचे करण्याचा हुकूम २०१२ साली निघाला आणि २०१४ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांचा पैसा वकिलांच्या ठेवीखात्यांच्या व्याजातून येई. २००८ नंतर व्याज कोसळले तेव्हा जेफर्सन विधिमंडळाकडे पैसे मागायला गेले.

२००९ साली त्यांच्या न्यायालयाने जुनी दप्तरे जपण्यासाठी एक समिती नेमली. काउंटीकाउंटीच्या तळघरांत एकोणिसाव्या शतकातले कागद कसर आणि ओल खात होती, काही चोरीला जात होते. माझ्या अब्बांच्या मेजावरच्या कागदांना वाळवी लागलेली मी पाहिली आहे, म्हणून हे काम मला लहान वाटत नाही. त्या जुन्या दप्तरांत गुलामांच्या खरेदीविक्रीचे, वाटणीचे, जप्तीचे कागदही असतात. पुष्कळ काळ्या कुटुंबांना आपला पूर्वज कोण हे शोधायचे तर तेवढा एकच पुरावा उरलेला असतो. आमच्या मालमत्तेचे कागद आम्ही जपतो. त्यांचे पूर्वजच कागदावर मालमत्ता होते.

आणि शेवटचे, आपल्या संस्थेशी थेट संबंध असलेले. टेक्सासमध्ये शाळा बुडवणे हा मुलाचा फौजदारी गुन्हा होता. सहा महिन्यांत दहा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाला मोठ्या माणसांच्या फौजदारी कोर्टात उभे करता येई आणि पाचशे डॉलरपर्यंत दंड होई. वर्गात दंगा केला, शिवी दिली, तरी शाळेतला पोलीस चलन फाडी. दंड गरिबाला भरता येत नसे, मग आणखी हुकूम, आणखी तारखा, आणि मुलाच्या नावावर गुन्ह्याची नोंद. २०१३ च्या मार्चमध्ये विधिमंडळासमोर जेफर्सन यांनी यावर कडक शब्दांत बोट ठेवले: मुलांना फौजदारी कोर्टात ढकलून आपण त्यांना शाळेत परत आणत नाही, शाळेबाहेर लोटतो. त्याच वर्षी शाळेतल्या चलनांवर कायद्याने बरीच बंधने आली. शाळा बुडवण्याचा गुन्हाच रद्द होण्यास २०१५ साल उजाडले. १ सप्टेंबर २०१५ पासून तो फौजदारी राहिला नाही. तोपर्यंत जेफर्सन पदावर नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या नेथन हेक्ट यांनी तो पाठपुरावा पुढे चालवला.

कारण १ ऑक्टोबर २०१३ रोजी त्यांनी राजीनामा दिला होता. वय फक्त पन्नास. टेक्सासमध्ये न्यायमूर्तींना पंच्याहत्तर वर्षांपर्यंत बसता येते. त्याआधी सगळ्या राज्यांच्या मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेने त्यांना अध्यक्षपद दिले होते. मान, अधिकार सगळे असताना ते उठले आणि पुन्हा वकिलीला लागले. ऑस्टिनच्या एका अपिले चालवणाऱ्या कचेरीच्या नावात त्यांचे नाव जोडले गेले. आपल्याकडे घटनेच्या २२० व्या कलमाने उच्च न्यायालयाच्या कायम न्यायमूर्तीला निवृत्तीनंतर त्याच न्यायालयात वकिली करता येत नाही. तिथे तसे बंधन नाही. ज्या आसनावर नऊ वर्षे बसले त्याच आसनासमोर काळा कोट घालून उभे राहायचे आणि सहकारी विचारतील त्या प्रश्नांना अदबीने उत्तरे द्यायची. आपली पद्धत मला अधिक बरी वाटते. पण त्या माणसाच्या मनाचा साधेपणाही मला कळतो.

सॅन अँटोनियोत आज वॉलेस जेफर्सन यांच्या नावाची एक शाळा आहे. सहावी ते आठवीतली मुले तिथे शिकतात. सरकारी शाळा आहे.

मागच्या वर्षी प्रश्न विचारणारी ती मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसलेली मला दिसते आहे. ती आता अकरावीत आहे असे तिच्या बाईंनी सांगितले. तिच्या उत्तराला एक वर्ष लागले याबद्दल मी तिची माफी मागतो. वेळ बराच झाला आहे, अध्यक्षसाहेब दोनदा घड्याळाकडे पाहून चुकले आहेत. कोणाला काही विचारायचे असल्यास चहापानाच्या वेळी मी इथेच आहे.